उपजत किती, अंगवळणी किती? बालवाडीच्या वयातला मुलगा-मुलगी फरक

(चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुराच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पाटीपेन्सिल

बालवाडीच्या ताईंबरोबर बसलं की हा प्रश्न हमखास निघतो आणि दोन टोकांची उत्तरं येतात. 'मुलगे उपजतच दांडगे, मुली उपजतच शांत' हे एक. 'जन्मतः काहीच नसतं, सगळं आपणच शिकवतो' हे दुसरं. दोन्ही चुकीची आहेत आणि दोन्हींचा फटका वर्गात बसतो. पहिलं मानणारी ताई तीन वर्षांच्या मुलीला चेंडू फेकायला बोलावतच नाही. दुसरं मानणारी ताई, भातुकलीकडे न फिरकणाऱ्या मुलाच्या आईला बोल लावते.

जूनमध्ये वर्ग भरायच्या आत मुंबईतल्या बालवाड्यांसाठी एक टिपण तयार करायचं आहे. वयोगट अडीच ते सहा. जाणकारांना एकच विनंती. जे लिहाल त्यासोबत चार गोष्टी सांगा: मूल किती वयाचं, नेमकं काय मोजलं, फरक केवढा निघाला, आणि मोजणाऱ्याला तो मुलगा आहे की मुलगी हे आधीपासून ठाऊक होतं का.

चौथी गोष्ट का, ते सांगते. १९७६ मध्ये कॉन्ड्री आणि कॉन्ड्री यांनी एक साधा प्रयोग केला. नऊ महिन्यांच्या बाळासमोर पेटी उघडते, आतून बाहुला उसळून येतो आणि बाळ रडायला लागतं, एवढीच फिल्म. बघणाऱ्यांपैकी काहींना सांगितलं की हा मुलगा आहे, काहींना सांगितलं की ही मुलगी आहे. मुलगा समजून बघणाऱ्यांना त्या रडण्यात राग दिसला, मुलगी समजून बघणाऱ्यांना भीती. बाळ तेच, रडणंही तेच. म्हणजे 'आमच्या वर्गातले मुलगे चिडके आहेत' ही नोंदसुद्धा आधी तपासून घ्यावी लागते.

नाळ

शरीरापासून सुरुवात करते, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत.

एसआरवाय हे वाय गुणसूत्रावरचं जनुक १९९० मध्ये सापडलं. ते असलं की गर्भात वृषण घडतात आणि साधारण आठव्या आठवड्यापासून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तयार व्हायला लागतं. बारा ते अठरा आठवड्यांच्या सुमाराला त्याचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं. जन्मानंतर पहिल्या एक ते तीन महिन्यांत मुलग्यांमध्ये ते पुन्हा एकदा वाढतं आणि सहा महिन्यांपर्यंत खाली येतं. त्यानंतर वयात येईपर्यंत मुलगा असो वा मुलगी, दोघांच्याही रक्तात ते नगण्यच असतं. त्यामुळे 'चार वर्षांच्या मुलाच्या अंगात हार्मोन उसळतात, म्हणून तो ऐकत नाही' हे वाक्य पालकसभेतून कायमचं काढून टाका. त्या वयात तसं काही उसळत नसतं.

मग गर्भातल्या टेस्टोस्टेरॉनचा खेळावर परिणाम होतो का? होतो. याचा सगळ्यात भक्कम पुरावा सीएएच या आजाराने मिळतो. यात मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी जन्माआधीपासूनच जास्त अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखी हार्मोनं, तयार करतात. साधारण पंधरा हजार बाळांत एक असं याचं प्रमाण आहे. बेरेनबॉम आणि हाइन्स यांनी १९९२ मध्ये दाखवलं की सीएएच असलेल्या मुली इतर मुलींपेक्षा गाड्या आणि ठोकळे यांच्याशी बराच जास्त वेळ खेळतात. यावर 'पालकच तसं वागवत असतील' हा आक्षेप होता. २००५ मध्ये पास्टर्स्की आणि सहकाऱ्यांनी पालकांचं वागणं मोजलं, तर उलटंच निघालं. या मुली बाहुलीशी खेळल्या की पालक त्यांचं जास्त कौतुक करत होते. तरीही मुली गाडीकडेच वळत होत्या.

पुढचा भाग मात्र सहसा कुणी सांगत नाही. हाइन्स यांच्याच गटाने २०१६ मध्ये दाखवलं की सीएएच असलेल्या मुली 'हे बायका निवडतात', 'हे मुलींचं आहे' असल्या इशाऱ्यांकडे कमी लक्ष देतात. म्हणजे हार्मोनचा परिणाम गाडीच्या आवडीवर तर होतोच, शिवाय मूल कुणाचं बघून शिकतं यावरही होतो. उपजत आणि शिकलेलं यांच्यामध्ये भिंत घालायची तरी कुठे?

(विषयाशी जोडून, पण पालकांना उपयोगाचं: नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन करतात त्या चाचणीत '१७-ओएचपी' (सीएएच ओळखायला मोजतात ते हार्मोन) आहे का, हे प्रसूतिगृहात विचारा. सीएएचच्या एका प्रकारात पहिल्या एक ते तीन आठवड्यांत शरीरातलं मीठ घसरून बाळ गंभीर होतं. मुलग्यांमध्ये बाहेरून काहीच दिसत नाही, त्यामुळे निदान हुकतं.)

दशांश

आकड्यांचं काम माझ्याकडे घेतो. बातम्यांत 'मुलगे जास्त चळवळे' एवढंच येतं, किती ते येत नाही. संशोधक दोन्ही सरासऱ्यांमधला फरक घेऊन त्याला प्रमाण विचलनाने, म्हणजे मुलामुलांमध्ये एरवी किती तफावत असते त्याच्या मापाने, भागतात. त्याचा अर्थ पालकांना असा सांगा: वर्गातून डोळे मिटून एक मुलगा आणि एक मुलगी उचला. अशा शंभर जोड्यांपैकी किती जोड्यांत मुलगा पुढे असेल? फरक शून्य असेल तर ५०. फरक ०.३ असेल तर ५८. ०.५ ला ६४. १ ला ७६. आणि २ ला ९२.

आता मोजलेल्या गोष्टी घ्या.

अंगाची हालचाल: ईटन आणि एन्स यांच्या १९८६ च्या एकत्रित आढाव्यात फरक ०.४९, मुलगे जास्त. तान्ह्या बाळांत तो कमी असतो आणि वयाबरोबर वाढतो. म्हणजे शंभरातल्या ३६ जोड्यांत मुलगीच जास्त चळवळी. वीस मुलांच्या वर्गात सगळ्यात चळवळं मूल मुलगी असणं हा अपवाद म्हणता येत नाही, काही वर्गांत तसं होणारच.

बोलणं: युरोपातल्या दहा भाषासमूहांतल्या तेरा हजारांहून अधिक लहान मुलांची शब्दसंख्या तपासली गेली, एरिक्सन आणि सहकारी, २०१२. सगळीकडे मुली थोड्या पुढे. पण फक्त थोड्या. अमेरिकेतल्या अशाच जुन्या मोजणीत मुलामुलांमधल्या एकूण तफावतीपैकी जेमतेम एक-दोन टक्के तफावत मुलगा-मुलगी यावरून ठरत होती. म्हणून दोन वर्षांचा मुलगा दोन शब्द जोडून बोलत नसेल तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून थांबू नका. आधी कान तपासून घ्या.

स्वतःला आवरणं, वाट बघणं: एल्स-क्वेस्ट आणि सहकारी, २००६. मुली पुढे आणि फरक जवळपास १, म्हणजे मोठा. पण यातली बरीच मोजमापं पालकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांची आहेत. पाटीपेन्सिलताईंचा चौथा प्रश्न इथे लागू होतो.

मारणं-ढकलणं: कॅनडातल्या क्वीबेकमध्ये १७ महिन्यांच्या मुलांत वारंवार मारामारी करणारे मुलगे सुमारे ५ टक्के, मुली १ टक्का. टोकाच्या गटात फरक स्पष्ट आहे. पण उरलेल्या ९५ टक्के मुलग्यांना तो गुण चिकटवायचं कारण नाही.

चेंडू फेकणं: इथे फरक खरोखरच प्रचंड आहे. वेगाचा फरक तीन-चार वर्षांच्या वयातच एकाच्या वर जातो. याबद्दल खेळघर सविस्तर लिहितील अशी आशा आहे.

जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये असे ४६ आढावे एकत्र तपासले. ७८ टक्के फरक लहान किंवा नगण्य निघाले. फेकण्यासारखे अपवाद मोजकेच.

माहीमची खाडी

सगळं वाचलं. दोन शंका आहेत आणि त्या बाजूला सारू नयेत ही विनंती. पहिली: माकडांना कुणी जाहिराती दाखवत नाही, तरी नर माकडं गाड्या उचलतात. मग शिकवण्याचा प्रश्न येतो कुठे? दुसरी: कॅनडातल्या डेव्हिड रायमर यांचं प्रकरण. लहानपणी सुंता करताना अपघात झाला, मुलगी म्हणून वाढवलं आणि चौदाव्या वर्षी ते पुन्हा मुलगा म्हणून जगू लागले. संगोपनात एवढी ताकद असती तर हे झालं असतं का?

नाळ

दोन्ही शंका रास्त आहेत.

माकडांवरचे गाजलेले अभ्यास दोन. २००२ मध्ये अलेक्झांडर आणि हाइन्स यांनी व्हर्वेट माकडांना खेळणी दिली. चेंडू आणि गाडीशी नर जास्त वेळ होते, बाहुली आणि स्वयंपाकाच्या भांड्याशी माद्या. पण माकडाला भांडं 'बायकी' आहे हे कुठून कळणार? तो शिक्का माणसांचा. २००८ मध्ये ऱ्हीसस माकडांवर काम झालं. तिथे नरांनी चाकांची खेळणी ठळकपणे निवडली, माद्यांमध्ये मात्र स्पष्ट कल दिसला नाही. यावरून 'हलणाऱ्या वस्तूकडे नरांचा उपजत ओढा असू शकतो' एवढं म्हणता येतं. 'मुली उपजतच बाहुलीकडे जातात' एवढं त्यातून निघत नाही.

नवजात बाळांचा २००० मधला एक अभ्यासही लोक पुढे करतात: मुली चेहऱ्याकडे जास्त बघतात, मुलगे यांत्रिक खेळण्याकडे. १०२ बाळं होती. अडचण अशी की चेहरा संशोधिकेचा स्वतःचाच होता, आणि समोरचं बाळ मुलगा की मुलगी हे तिच्यापासून काटेकोरपणे लपवलेलं नव्हतं. चौथा प्रश्न तिथेच नापास होतो. या अभ्यासावर मोठी इमारत उभी करू नका.

रायमर यांच्याबद्दल: त्या प्रकरणातून 'मी कोण' ही जाणीव हवी तशी घडवता येत नाही, हे गंभीरपणे घ्यायला हवं. त्यांच्या आयुष्याची फार मोठी किंमत त्यात गेली. पण 'मी कोण' ही जाणीव आणि 'मला कोणतं खेळणं आवडतं' हे वेगळे प्रश्न आहेत. स्वतःला ठामपणे मुलगा मानणारा मुलगा तितक्याच आवडीने पोळ्या लाटू शकतो. बालवाडीत आपला हात पोचतो तो दुसऱ्या प्रश्नापर्यंत.

आपल्याकडची एक गोष्ट इथे नोंदवते. इतर अनेक देशांत गर्भ विसाव्या आठवड्यात असतानाच आईवडिलांना मुलगा की मुलगी हे कळतं आणि खोलीचा रंगही ठरतो. आपल्याकडे महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला, त्यामुळे लिंग सांगणं गुन्हा आहे. कायदा पाळला गेला तर आपल्याकडे वेगळ्या वागणुकीचं घड्याळ प्रसूतिगृहाच्या दारात सुरू होतं: मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी. आणि मिठाईवर ते थांबत नाही. जयचंद्रन आणि कुझिएम्को यांनी २०११ मध्ये भारतातल्या आकड्यांवरून दाखवलं की मुलींना अंगावरचं दूध कमी काळ मिळतं, याचं एक कारण मुलग्यासाठी पुढचं बाळंतपण लवकर हवं असतं. २०१४ च्या दुसऱ्या एका अभ्यासात लहान मुलग्यांना घरच्यांचा वेळ मुलींपेक्षा साधारण दहा टक्के जास्त मिळत होता. खेळण्याच्या आवडीवर वाद घालताना हे विसरता कामा नये.

विभक्ती

या धाग्यात अजून मराठी आली नाही, म्हणून लिहिते. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरचे निष्कर्ष आपल्या मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत, कारण आपल्या मुलाला बोलताना स्वतःचं लिंग क्रियापदातच सांगावं लागतं.

क्रम बघा. बाळ आधी नपुंसकलिंगी असतं. 'बाळ रडतंय', 'पिल्लू झोपलं', 'लेकरू दमलं'. लालबाग-परळच्या मालवणी घरांत तर 'चेडू' म्हणजे मुलगीसुद्धा नपुंसकलिंगीच. मूल चालायला-बोलायला लागलं की त्याचं 'ते' सुटतं आणि 'तो' किंवा 'ती' सुरू होतं. मग पहिल्या पुरुषात बोलायची वेळ येते. 'मी जाईन' मध्ये लिंग नाही. 'मी पोळी खाल्ली' मध्ये लिंग आहे, पण ते पोळीचं. पण 'मी जातो-जाते', 'मी बसलो-बसले' इथे सुटका नाही. दिवसातून शेकडो वेळा मूल स्वतःचं लिंग उच्चारतं.

गिओरा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हिब्रू, इंग्रजी आणि फिनिश बोलणाऱ्या मुलांची तुलना केली. 'मी मुलगा' किंवा 'मी मुलगी' ही ओळख हिब्रू मुलांना सगळ्यात आधी पटते आणि फिनिश मुलांना सगळ्यात उशिरा. हिब्रूत लिंग पावलोपावली लागतं, फिनिशमध्ये 'तो' आणि 'ती'ला एकच शब्द आहे. मराठी मूल हिब्रूच्या बाजूला पडेल असा माझा अंदाज आहे.

वर्गातला नेहमीचा प्रसंग: दिवसभर आई-आजीच्या सहवासात असलेला अडीच वर्षांचा मुलगा 'मी येते' म्हणतो. ही व्याकरणाची पायरी आहे. त्याने कानावर पडलेलं रूप अखंड उचललंय, एवढंच. चूक मोठ्यांकडून होते: सगळे हसतात, 'येतो म्हण, मुलगी आहेस का तू!' इथे मूल दोन धडे शिकतं. एक क्रियापदाचा, दुसरा असा की मुलगी असणं हसण्यासारखं आहे. त्याऐवजी त्याचंच वाक्य नीट करून परत द्या: 'हो का, तूपण येतोस? चल मग.' रूप योग्य कानावर पडलं, शेरा नाही. काही आठवड्यांत आपोआप बसतं.

आणि एक विषमता तपासा. लाडाने मुलीला 'काय रे सोन्या, जेवलास का?' असं सर्रास म्हणतात. मुलग्याला लाडाने 'काय गं' म्हणतात का? जवळजवळ नाहीच. म्हटलं तर चिडवायला. 'मुलींसारखा रडतोस काय' हेही त्यातलंच. खरं तर भावना दाखवण्यातला फरक तान्ह्या वयात दिसतच नाही, नंतर हळूहळू येतो. चॅप्लिन आणि अल्दाओ यांच्या २०१३ च्या आढाव्यात तो एकूणच फार लहान होता, आणि मूल आईवडिलांजवळ असताना कमी, परक्यांसमोर जास्त. म्हणजे मूल बघणाऱ्याप्रमाणे रडणं आवरतं.

खेळघर

दशांश म्हणतात तसं चेंडू आणि खेळणी दोन्हीवर लिहितो.

चेंडू आधी. फरक मोठा आहे म्हणून तो सगळाच उपजत आहे असं ठरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी मुलांमध्ये, जिथे मुलीही फेकतात, तो अमेरिकेतल्यापेक्षा कमी निघाला. थोडा उरला, पण कमी. फेकणं हे कौशल्य आहे आणि ते पायऱ्यांनी येतं. न शिकलेलं मूल समोर तोंड करून, पाय न हलवता, फक्त कोपरातून फेकतं. दुसऱ्या टप्प्यात पाऊल पुढे येतं, पण हाताच्याच बाजूचं. शेवटी उलट्या बाजूचं. 'मुलींसारखं फेकणं' म्हणतात ते या पहिल्या दोन पायऱ्यांचं नाव आहे. सराव नसलेला मुलगाही तसाच फेकतो.

शिकवायचं असं. टेनिसच्या चेंडूएवढा मऊ चेंडू घ्या. फुटबॉलएवढा देऊ नका, तो दोन्ही हातांनी ढकलला जातो. जमिनीवर खडूने दोन पावलं काढा, उजव्या हाताने फेकणाऱ्याला डावं पाऊल पुढे. मूल भिंतीला खांदा करून उभं राहील, चेंडू कानामागे, मग पुढचं पाऊल टाकायचं आणि अंग वळवत फेकायचं. सूचना एकच: 'जोरात!' नेम धरायला सांगितलं की मूल अंग आखडतं आणि पुन्हा नुसत्या कोपरातून फेकायला लागतं, नेम नंतर. रोज प्रत्येकाला वीस फेकी. दहा बाय बाराच्या खोलीत भरणारी बालवाडी असेल तर भिंतीवर जुनी चादर सैल टांगा, चेंडू तिथेच खाली पडतो, शोधायला वेळ जात नाही. मैदानावर नेणार असाल तर चेंडू मुलांच्या संख्येइतके न्या. तीन चेंडू आणि वीस मुलं असली की धावत जाऊन पकडणाऱ्यांनाच पुन्हा चेंडू मिळतो, आणि ते बहुतेक आधीच सराव असलेले मुलगे असतात.

आता खेळणी. निवडीतला फरक वयाच्या दुसऱ्या वर्षातच दिसतो आणि अनेक देशांतल्या अभ्यासांत टिकतो. तो नाकारून उपयोग नाही. पण त्यावर पाटी चिकटवली की तो फुगतो. ब्रॅडबार्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मुलांना अनोळखी वस्तू दिल्या, जसं पिझ्झा कापायचं चाक. एका पेटीवर 'मुलग्यांचं', दुसरीवर 'मुलींचं'. चार ते नऊ वर्षांच्या मुलांनी आपल्या पेटीतल्या वस्तू जास्त हाताळल्या, आणि आठवड्याने त्यांचीच माहिती जास्त आठवली. वस्तू बदलल्या नव्हत्या, फक्त पाटी होती. १९९५ मध्ये मार्टिन यांच्या गटाने खूप आकर्षक खेळणी वापरली. 'हे दुसऱ्यांचं' म्हटल्यावर तीही मुलांनी टाकली.

रंगाचंही तसंच. लोब्यू आणि डेलोश यांनी २०११ मध्ये सात महिने ते पाच वर्षांच्या मुलांपुढे वस्तूंच्या जोड्या ठेवल्या. दोन वर्षांच्या आत गुलाबीकडे मुलींचा खास ओढा नाही. अडीचच्या आसपास तो दिसू लागतो, आणि त्याच काळात मुलगे गुलाबी टाळायला लागतात. २०२१ मध्ये पेरू, वानुआतू आणि काँगोमधल्या छोट्या समाजांत पाहिलं, तर मुलींची गुलाबी आवड तिथे नव्हतीच. क्रॉफर्ड मार्केटभोवतीच्या घाऊक दुकानांत एकच डॉक्टरचा संच गुलाबी आणि निळ्या खोक्यांत मिळतो. खोकं दुकानातच टाका, आतलं सामान डब्यात भरा. सावंतवाडीची लाकडी भातुकली लाल-हिरवी-पिवळी असते, तिला मुलगे सहज हात लावतात.

मांडणीत नेहमी चुकतं ते असं. ठोकळे दाराजवळ आणि भातुकली आतल्या कोपऱ्यात, मध्ये कपाट. ते कपाट काढा. १९७९ मध्ये एका बालवाडीत हे दोन कोपरे जोडले, तेव्हा मुलगे-मुली एकत्र जास्त खेळले. चार मुलांना किमान ऐंशी ठोकळे लागतात. तिसात घर होत नाही, भांडण होतं, आणि भांडणात आधी मुली बाहेर पडतात. भातुकलीत चिमटा, किसणी (बोथट), मोजपट्टी, वजनकाटा ठेवा. तिथेही मोजणं आणि जोडणं व्हायला हवं. ठोकळ्यांशी खेळताना मोठ्यांच्या तोंडी 'वर, खाली, कडेला, उलटं, कोपरा' असे शब्द येणं महत्त्वाचं, कारण आकार फिरवून बघण्याची क्षमता त्या शब्दांशी जोडलेली आढळली आहे आणि मुलींच्या वाट्याला ते शब्द कमी येतात.

माहीमची खाडी

माकडांबद्दलचं पटलं. पण पाटीच चिकटवायची नाही असं ठरवलं तरी मुलं स्वतःच गट करतात. पाच वर्षांची मुलगी स्वतःहून म्हणते, 'हा मुलग्यांचा खेळ.' तिला कुणी सांगितलेलं नसतं.

पाटीपेन्सिल

बरोबर आहे. कोलबर्ग यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या पायऱ्या इथे कामाला येतात. अडीच-तीनला 'मी मुलगी' कळतं. चारच्या आसपास 'मोठी होऊन मी बाईच होणार' कळतं. पण परकर नेसला म्हणून मुलगा मुलगी होत नाही, हे नीट कळायला सहा-सात वर्षं लागतात. मधल्या काळात मूल नियम शोधत असतं आणि हाती लागला तो नियम घट्ट धरतं. पाच-सहाला हा हट्ट सगळ्यात कडक असतो, नंतर सैल होतो. त्या मुलीशी वाद घालू नका. तिला उदाहरण द्या, ठोस आणि डोळ्यांसमोरचं: 'आपल्या समोरच्या बेस्टच्या बसमध्ये आज कंडक्टर कोण होतं?'

गट करण्याबद्दल: मॅकोबी आणि जॅकलिन यांनी १९८७ मध्ये मोजलं. साडेचार वर्षांची मुलं आपल्याच गटातल्यांशी जवळपास तिप्पट वेळ खेळत होती, साडेसहाला अकरापट. ओढ मुलांची आहे. प्रश्न एवढाच की आपण त्यात भर घालायची का. हिलियर्ड आणि लिबेन यांनी २०१० मध्ये काही बालवाडी वर्गांत फक्त दोन आठवडे ताईंना एवढंच करायला लावलं: रांगा वेगळ्या, फलक वेगळे, 'मुलींनो, मुलांनो' असं संबोधन. स्पर्धा लावली नाही, कुणाला कमी लेखलं नाही. तरी दोन आठवड्यांत ठोकळेबाज समजुती वाढल्या आणि एकमेकांशी खेळणं कमी झालं.

आपल्याकडे रांग वेगळी, हजेरीत मुलगे आधी आणि मुली नंतर, स्नेहसंमेलनात मुलींचा नाच आणि मुलग्यांचे मावळे. हे बदलायला पैसे लागत नाहीत. हजेरी पहिल्या अक्षराने लावा. रांग जन्ममहिन्याने, दुसऱ्या आठवड्यात चपलेच्या मापाने, तिसऱ्यात डब्यात आज काय आहे त्यावरून. एकच रीत महिनाभर ठेवू नका. बिगलर यांच्या प्रयोगांत मुलांना निळे किंवा पिवळे शर्ट घालायला दिले आणि ताईंनी त्या रंगाने हाका मारल्या, तेवढ्याने मुलं आपल्या रंगाला चांगलं म्हणू लागली.

मुलगा-मुलगी असा भेद मुद्दाम टाळणाऱ्या स्टॉकहोमच्या एका बालवाडीवर २०१७ मध्ये अभ्यास झाला. तिथल्या मुलांनाही कोण मुलगा, कोण मुलगी हे इतरांइतकंच दिसत होतं. फक्त त्यावरून 'हा काय खेळेल' हे ती कमी ठरवत होती, आणि दुसऱ्या गटातल्या, म्हणजे मुली मुलग्यांशी आणि मुलगे मुलींशी, अनोळखी असले तरी खेळायला जास्त तयार होती. म्हणून 'ओळखच पुसताय का' या भीतीचं कारण नाही.

दशांश

टिपणात मोजणीची पद्धत हवी. ती अशी ठेवा.

खोलीचे पाच कोपरे ठरवा: ठोकळे, भातुकली, चित्र, पुस्तकं, मोकळी जागा. प्रत्येक मुलाला क्रमांक द्या. नोंद करणाऱ्याच्या कागदावर फक्त क्रमांक, नाव किंवा मु/मुली असा रकाना नाही. दर तीन मिनिटांनी खोलीवर एकदाच नजर फिरवायची, डावीकडून उजवीकडे, आणि प्रत्येक क्रमांक त्या क्षणी कुठे आणि कुणासोबत आहे ते लिहायचं. तीस मिनिटांत दहा नोंदी, पाच दिवसांत पन्नास. अशा पन्नास नोंदींशिवाय एका मुलाबद्दल काही बोलू नका.

दोघांनी स्वतंत्र नोंदी करायच्या आणि रोज संध्याकाळी जुळवायच्या. दहातल्या आठांहून कमी जुळल्या तर त्या दिवसाच्या नोंदी टाका आणि कोपऱ्यांच्या सीमा खडूने पुन्हा आखा. बहुतेक गोंधळ सीमेवरच्या मुलांचा असतो.

काय बिघडतं: ताई ज्या कोपऱ्यात बसतात तिकडे मुली सरकतात, मग ती भातुकली वाटते, पण ओढ ताईंची असते. म्हणून ताईंनी रोज वेगळ्या कोपऱ्यात बसायचं. नवीन खेळणं आलं त्या आठवड्यात मोजू नका. पंखा एकाच कोपऱ्यावर असेल तर मे-जूनमध्ये सगळी मुलं तिथेच दिसतील. आणि जोराचा पाऊस पडून निम्मी मुलं गैरहजर असतील तो दिवस धरू नका, कारण उरलेल्या आठ जणांत मुलं आपोआप मिसळतात.

निकाल वाचताना आधी प्रत्येक मुलाच्या पन्नास नोंदींची पट्टी काढा. मुलगे-मुलींची सरासरी त्यानंतर. उलट क्रमाने गेलात तर सरासरी डोक्यात बसते आणि भातुकलीत तीस वेळा दिसलेला क्रमांक अकरा नजरेतून सुटतो.

विभक्ती

त्याच कागदावर एक रकाना माझ्यासाठी ठेवाल का? ताईंनी त्या तीस मिनिटांत किती वेळा 'मुलांनो-मुलींनो' अशी वेगळी हाक मारली, एवढ्या नुसत्या रेघा. 'बाळांनो' म्हटलं तर रेघ नाही.

पाटीपेन्सिल

ठेवते. पण रेघा ताईंनी स्वतः मारायच्या नाहीत, दुसऱ्या ताईंनी मारायच्या, आणि पहिल्या दोन दिवसांच्या रेघा मोजायच्या नाहीत. आपल्यावर लक्ष आहे हे ठाऊक असताना पहिले दोन दिवस सगळेच 'बाळांनो' म्हणतात.